खड्ड्याकाठची नवमी

बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, देवळात जाऊन बसत जा, मन रमेल. मी गेलो. तिथे माझ्यासारखेच म्हातारे ओळीने बसलेले, आणि सगळे आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलून राहिलेले. देव बिचारा ऐकत होता. मी उठलो तो परत गेलो नाही.

मन रमलं ते खड्ड्यापाशी.

रायपुरात मराठी लोकांचा जुना मोहल्ला, आमचा तात्यापारा, तिथून बाहेर पडलं की मोठ्या रस्त्यावर जुनी गोदामं होती. रायपूर राजधानी झालं आणि तिथल्या जागेला भाव आला. गोदामं पाडली, भोवती पत्रे ठोकले, आणि पत्र्यांवर एक चित्र लावलं. काचेची उंच इमारत, खाली हिरवळ, आणि हिरवळीवर गोरे गोरे लोक हसत चाललेले. रायपुरात जेठाच्या उन्हात असं हसत कोण चालतं, ते मला अजून कळलेलं नाही. शहरातली सगळ्यात उंच इमारत होणार म्हणत होते. पण मी पाहायला जायचो तेव्हा उंच काहीच नव्हतं. खोल होतं.

पत्र्याला एका ठिकाणी मोठं भोक होतं. तिथे मी उभा राहायचो, आणि माझ्यासोबत माझा एक मित्र, बीरगांवकडच्या कारखान्यातून रिटायर झालेला. त्याचे वडील आमच्यासारखेच विदर्भातून आलेले. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची मूर्ती. श्राद्धपक्ष त्यांनी केव्हाच सोडलेला. आमचं त्यावरून रोज भांडण व्हायचं आणि चहा रोज एकत्र.

माझी शाळा चौथीपर्यंतची. सारी उमर रेल्वेत वॅगन दुरुस्त करण्यात गेली. लोखंड कसं वागतं ते मला समजतं. माणसं कशी वागतात ते बायको समजावून सांगायची. ती गेल्यावर घरी दुपारी कोणी काही समजावून सांगत नव्हतं. सून चांगली आहे, नागपूरची आहे, पण ती मला घाबरून होती. मुलगा शंकर नगरच्या ऑफिसात. मग मी सकाळचा चहा झाला की खड्ड्यावर. नात म्हणायची, "दादाजी, फिर गड्ढा देखने?" मी म्हणायचो, "तुह्या टीव्हीपेक्षा बरा हाये."

खरंच बरा होता. मशीन जमिनीत भोकं पाडायचं. खाली पाणी लागलं, तर पंप रात्रंदिवस पाणी बाहेर फेकत बसले. मग खाली सळयांचं जाळं विणायला घेतलं. इतकं दाट, की वरून पाहिलं तर लोखंडाचं शेत उगवल्यासारखं दिसायचं. त्या जाळ्यावर एकदम काँक्रीट ओतून एवढा जाड पाया करायचा, की सगळी इमारत त्याच्यावर उभी राहील. त्या ओतण्याला इथे ढलाई म्हणतात. एकदा सुरू झाली की मधे थांबवता येत नाही.

तिथे बाया कामाला होत्या. मजूर बाईला इकडे रेजा म्हणतात. त्यांतली एक, चाळिशीची असेल, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, डोक्यावर पिवळं हेलमेट, आणि तोंड असं की हजेरी घेणारा मुंशीसुद्धा तिच्याशी सांभाळून बोले. तिचा नवरा तिथेच सळया बांधायचा. एक दिवस टोपलं घेऊन जाता जाता ती भोकापाशी थांबली आणि मला म्हणाली,

"का देखथस बबा रोज-रोज? गड्ढा म तोर कुछु गिर गे हे का?"

म्हणजे विचारत होती, खड्ड्यात तुझं काही पडलं आहे का? माझा मित्र इतका हसला की त्याचा चहा सांडला. मी म्हटलं, "हव, माही बायको हरवली, ते धुंडून राहिलो." मी चिडून बोललो होतो. पण ती हसली नाही. टोपलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "कब?" मी म्हटलं, "मागच्या सावनात." तिने मान हलवली, टोपलं उचललं, गेली. त्या दिवसापासून मी जायला उशीर केला तर ती आतूनच ओरडायची, "आज देरी होगे बबा!"

आता ढलाईचं सांगतो. इंजिनियर बाहेरच्या मुलखातला होता, तरुण, हुशार. त्याने ढलाईचा दिवस ठरवला तो नेमका तीजाच्या आसपास. तीजा म्हणजे आपली हरतालिका. पण छत्तीसगढात त्या सणाला लग्न झालेली प्रत्येक पोट्टी माहेरी जाते. भाऊ घ्यायला येतो. म्हातारी झाली तरी जाते. रेजांनी मुंशीला सांगितलं, मुंशीने इंजिनियरला सांगितलं. इंजिनियर हसला म्हणे. "एक त्योहार के लिए काम रुकेगा?"

ढलाईच्या दिवशी पहाटे आम्ही दोघं भोकापाशी हजर. काँक्रीटच्या फिरत्या पिंपाच्या गाड्या रस्त्यावर ओळीने उभ्या. आणि आत एकही बाई नाही. अर्धे गडीही आपापल्या बहिणींना आणायला गेलेले. इंजिनियर कमरेवर हात ठेवून रिकाम्या खड्ड्याकडे पाहून राहिला होता. मित्र मला म्हणाला, "याले आता समजलं, रायपूर कोणाच्या हातात हाये ते." गाड्या आल्या तशा परत गेल्या. मग पावसाने झोडपलं. मग गणपती. असं ढकलत ढकलत ढलाई गेली ती थेट पितृपक्षात.

आणि पितृपक्षात माझं काम होतं.

बायकोचं वर्षश्राद्ध श्रावणात झालं होतं. त्यानंतरची ही पहिली अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी जी बाई जाते तिची ही नवमी. त्या दिवशी एका सवाष्णीला पोटभर जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, तिच्या पाया पडायचं. ती तृप्त होऊन उठली तर आपली बाई तृप्त. आणि ही नवमी नवरा जिवंत असेपर्यंतच. नवरा गेला की बंद. म्हणजे पोराच्या हाती देऊन मोकळं होता येत नाही. हे एकच काम तिने माझ्यासाठी मागे ठेवलं होतं, आणि ते मला नीट करायचं होतं.

गंमत अशी की आमच्या पाऱ्यात कोणाच्याही घरी सवाष्ण लागली की माझ्या बायकोलाच बोलावत. तिला कोणाचं वावडं नव्हतं, खायची चवीने, आणि उठताना असं "बस झालं व माय, पोट तुडुंब झालं" म्हणायची की वाढणारीच तृप्त व्हायची. आता तिच्यासाठी सवाष्ण शोधायची तर कोण? तिच्या वयाच्या बहुतेक विधवा झालेल्या. तरुण पोट्ट्या ऑफिसात. एकीने तर तोंडावर सांगितलं, "काका, पितरांचं जेवण मले नाही जमत, भेव वाटते." शेवटी मागच्या गल्लीतली एक तयार झाली.

नवमीच्या सकाळी सून चारपासून उठून रांधत होती. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, कारलं, पुरण. घरात असा वास वर्षभरात आला नव्हता. आठच्या सुमाराला फोन वाजला. मागच्या गल्लीतल्या बाईचा चुलत सासरा रात्री गेला. सुतक लागलं. ती बिचारी फोनवर रडत होती, आणि मी विचारून बसलो, "त्याले आजच कायले मरा लागत होतं?"

सुनेने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

तिने मग चार घरी विचारलं. नाही. मला म्हणाली, "बाबा, मी जेवते."

"तू घरची. घरची चालत नाही."

"मग गाईला पान देऊ. चालते म्हणतात."

"गाईचा नवरा कोणता, ते दाखव मले आधी."

ती हसली. वर्षभरात माझ्यासमोर पहिल्यांदा हसली असेल. मग म्हणाली, "बाबा, दुपार व्हायच्या आत पान वाढायला पाहिजे. तुम्ही बोला, काय करू?"

मी चपला घातल्या. "तू पान तयार ठेव. मी सवाष्ण आणतो."

खड्ड्यावर जत्रा भरली होती. गाड्यांची रांग चौकापर्यंत. पंपाचा लांब पाइप वरून खाली काँक्रीट ओकत होता, गडी गुडघ्यापर्यंत बूट घालून आत नाचत होते, आणि रेजा पोत्यांची चळत वाहत होत्या, ओल्या पोत्यांनी ओतलेला भाग झाकायला. मित्र भोकापाशी होताच. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुह्या नवमीवर माहा विश्वास नाही बे. पण वहिनीच्या हातचं मी लय खाल्लं. बोल, काय धरू?"

मी त्या बांगड्यांवाल्या रेजाला हाक मारली. ती आली, घामाने डबडबलेली. मी सरळ सांगितलं, आज माझ्या बायकोची नवमी आहे, घरी जेवायला चल, नवरा असलेली बाई पाहिजे.

तिने टोपलं ठेवलं. "आज तो हमरो घर नवमी हे बबा. मोर सास के. सुबे ले इहां हंव, सास ल पानी घलो नइ दे पाएंव."

तिच्या सासूचीही नवमी, आणि ती सकाळपासून इथे अडकलेली. पाणीसुद्धा देता आलं नव्हतं. इकडेही बायांची नवमी असते हे मला इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग चल, दोघींचं होऊन जाईल." ती म्हणाली, ढलाई सोडून कशी येऊ? आणि आणखी एक सांगितलं. त्यांच्या टोळीत कोणी एकटी जेवत नाही. एकीचा डबा तो सगळ्यांचा. "अकेल्ला नइ खावंव, बबा. सबो झन खाबो."

मी पोती वाहणाऱ्या बायांकडे पाहिलं. सबो झन, सगळ्या जणी, म्हणजे चांगली पंगतच होती.

मित्राने माझ्या पाठीत गुद्दा मारला. "पाहून काय राहिला? चल." आम्ही घरी गेलो. सुनेला सांगितलं, सगळं भर. आपल्या जेवणासकट. तिने पातेली फडक्यांत बांधली, ओटीचं सामान घेतलं, नेसलेल्या भारी साडीचा पदर खोचला आणि रिक्षात सगळ्यात आधी जाऊन बसली. मित्र कढीचं पातेलं मांडीवर धरून, "हळू चालव भैया, पितर सांडतील," असं रिक्षावाल्याला सांगत होता.

फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. हेलमेटशिवाय आत नाही. सुनेच्या अंबाड्यावर हेलमेट बसेना, तेव्हा तिने अंबाडाच सोडला. मुंशी धावत आला आणि आरडाओरड करू लागला. तेवढ्यात इंजिनियरने खालून वर पाहिलं, पातेली पाहिली, बाया हात धुताना पाहिल्या, आणि मुंशीला म्हणाला, "खाने दो यार, बारी-बारी से. नहीं तो फिर तीजा हो जाएगा."

फाटकाजवळ कोरडी पोती अंथरली. बायांनी पंपाच्या पाण्यात पाय धुतले. निम्म्या जेवायला बसल्या, निम्म्या पोती वाहत राहिल्या, मग अदलाबदल. ती मात्र पहिल्या पंगतीत मधोमध बसली. आधी पानातला एक वडा उचलला, थोडं पाणी सोडलं, सासूचं नाव घेतलं आणि वडा बाजूला ठेवला. मग जेवू लागली. सून वाकून वाकून वाढत होती, मित्र कढी घेऊन फिरत होता, वाढताना प्रत्येकीला "अउ ले, अउ ले" म्हणत आग्रह करत होता. कारल्याला तिने नाक मुरडलं. "करू कम हे." कारल्याचा कडूपणा कमी पडला म्हणून तक्रार करणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मग विचारलं, "तोर बाई बने रांधत रिहिस?"

मी सांगू लागलो. की ती वड्यात जिरं जास्त घालायची. की पंगतीत कोण लाजून खातं ते तिला लांबून कळायचं. की माझ्यावर रागावली की भाजीत मीठ बरोबर असायचं, पण बोलणं बंद. बाया ऐकत होत्या, हसत होत्या. सून वाढायचं थांबून ऐकत होती. हे तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

जेवणं झाली. सुनेने कुंकू लावलं, मातीने भरलेल्या पदरात ओटी घातली. मग मी पाया पडायला वाकलो. मी तिच्या बापाच्या वयाचा, म्हणून ती ओरडून मागे सरली.

"पाप लगही बबा! तें मोर ददा के उमर के!"

"अव, पाया पडल्याबिगर पुरं होत नाही!" माझंही डोकं तापलं. "आजच्या दिवस तू तू नाहीस. आज तू माही बायको हायेस!"

हे मी हिंदीतही सांगितलं, जोरात, तिला समजावं म्हणून.

नेमका त्याच वेळी तिचा नवरा पाणी प्यायला वर आला होता. सळया पिळायचा आकडा हातात. तो जागीच थांबला. "का कहे बबा?"

सगळ्या बायांना एकदम हसू फुटलं. एकीला ठसका लागला. मित्र पोत्यावर बसून पोट धरून हसत होता. सुनेने तोंडावर पदर घेतला, पण तिचे खांदे हलत होते. त्या बाईने नवऱ्याला त्यांच्या बोलीत भराभर सांगितलं. तो ऐकत गेला, मग हेलमेट काढलं आणि म्हणाला, "त पर लेन दे ना ओ. डोकरा थक गे हे." पडू दे की पाया, म्हातारा थकला आहे.

ती उभी राहिली. मी वाकलो. तिच्या पायांना सिमेंट लागलं होतं, ते माझ्या बोटांना लागलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, लाजून दंड धरून मला उठवलं, आणि पोटावर हात फिरवून म्हणाली, "अघागेंव बबा." पोट भरलं, मन भरलं, दोन्ही त्या एका शब्दात येतं. माझे डोळे भरून आले, पण आजूबाजूला सगळे इतके हसत होते की मीही हसायला लागलो, आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. पातेल्यात उरलेला भात आणि कढी आम्ही तिघांनी तिथेच पोत्यावर बसून खाल्ली.

इमारत पुढे वर गेली. वर जाताना पाहण्यात मजा नव्हती. मान दुखते आणि आत काय चाललं ते दिसत नाही. पायाचं काम संपलं तशी ती टोळीही गेली, दुसरीकडे दुसरा खड्डा लागला होता. राजधानीत खड्ड्यांना काय तोटा.

आता गणपती उठले की मी आणि मित्र बाहेर पडतो. मुंश्यांना विचारतो, चहावाल्यांना विचारतो, ती जोरात बोलणारी, कोपरापर्यंत बांगड्यांची, कोणत्या साइटवर आहे. एकदा शंकर नगरला सापडली, एकदा पार नव्या रायपुरात, बसने जावं लागलं. सून कारलं आता मुद्दाम कडू ठेवते. मागच्या वर्षी आम्ही पातेली घेऊन पोचलो तेव्हा तिने वरूनच पाहिलं आणि आम्ही आल्याचं टोळीला ओरडून सांगितलं, "चलव ओ, मोर डोकरा आगे!"

तिचा नवरा तिथेच उभा होता. तो पोती अंथरायला लागला.