बिराप्पाचा उजवा पाय

आमच्या साखर कारखान्यात हेडक्लार्कपेक्षा जास्त पगार घेणारा एक माणूस होता आणि त्याला सही करता येत नव्हती. हजेरीपत्रकावर त्याचा हुद्दा टाइमकीपर. प्रत्यक्षात त्याचं काम एकच, कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळणं.

बिराप्पा मूळचा आटपाडीच्या पलीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. उंचीने बेताचा आणि बोलायलाही बेताचाच. चढाईला गेला की दम घालत उगाच इकडेतिकडे करायचा आणि माघार घेतल्यासारखी पाठ फिरवायचा. समोरचा गडी झेपावला की त्याचा उजवा पाय मागे सुटायचा. लाथ घोट्यात बसलेली कळेपर्यंत बिराप्पा मध्यरेषेपलीकडे उभा असायचा. ही लाथ बघायला पूर्वेच्या, त्याच्याच मुलखातल्या गावांतून गाड्या जुंपून माणसं यायची.

त्याला दुसरीकडून मागणी आली, तेव्हा त्या वेळच्या चेअरमनांनी वार्षिक सभेत माईकवर जाहीर केलं होतं, "हा गडी मैदानात उतरतोय तवर ह्याच्या पगाराला कोन हात लावनार न्हाई." समोर पूर्वेकडचे सभासद घोंगडी टाकून बसले होते. मंडप टाळ्यांनी दणाणला. पुढे ते चेअरमन वारले आणि भाऊसो चेअरमन झाले. पण ती गावं आणि त्यांची मतं जागेवर राहिली, त्यामुळे पगारही राहिला.

शहात्तर साली बिराप्पा चाळिशीला टेकला होता. सामन्यात दोन-तीन चढाया करायचा आणि मग बाहेर बसायचा. रोजंदारीवरची तरणी पोरं खेळायची आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पगार बसलेला माणूस न्यायचा. संचालकांची कुरकुर सुरू झाली.

अगदी हेच दुखणं सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्याचं होतं. त्यांचा लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, कोपऱ्यात पकडीला उभा राहायचा. त्याचाही पगार जबर आणि वय बिराप्पापेक्षा दोन वर्षांनी जास्तच. त्यांचे चेअरमन नाथाजीराव एकदा आमच्या गेस्ट हाऊसवर जेवायला आले. लेखा विभागाचा माणूस लागेल म्हणून भाऊसोंनी मलाही बसवून घेतलं. दुपारची वेळ होती आणि मटणाचा तांबडा रस्सा होता.

"तुमचा बिराप्पा खेळतोय का अजून?" नाथाजीरावांनी विचारलं.

"खेळतोय कुठला? बसतोय. जेवतोय मात्र झकास."

"आमच्या लालासाहेबाचं तेच. हातातला गडी सुटतोय, पगार सुटत न्हाई."

"मग काढा की."

"काढू? त्याच्या गावात घरटी एक फौजी हाय. सुट्टीवर आल्याली चार पोरं बंगल्याम्होरं हुबी राहिली म्हंजी? तुमी काढा की तुमचा."

"आमच्यात माईकवर बोलल्यालं हाय. बोलनारा मेला, बोलनं जितं ऱ्हायलंय."

नाथाजीरावांनी नळी फोडून सावकाश चोखली. मग म्हणाले, "अदलाबदल करूया."

भाऊसोंनी माझ्याकडे बघितलं. दोघांचे पगार जवळजवळ सारखेच आहेत, हे मी सांगितलं. भाऊसो वैतागले. "म्हातारा देऊन म्हातारा घ्यायचा. त्यात कुनाच्या पदरात काय पडलं?"

"आवं, तुमचा बिराप्पा आमच्यात आला तर त्याच्या मागं कोन हाय? आमचा लालासाहेब तुमच्यात आला तर त्याचं गाव तुमाला मतं टाकतंय का? घरचा म्हातारा घालवायचा म्हंजी बोंबाबोंब. परका घालवायला काय लागतंय? एक यष्टीचं तिकीट."

भाऊसोंचा घास हातातच राहिला. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"पर एक हाय," नाथाजीराव म्हणाले. "मला त्यो खेळताना बघायचाय. अजून धड असंल तर नगं. चार चढाया मारल्या तर आमचीच पोरं त्याला खांद्यावर घेत्याल आणि त्यो माझ्या गळ्यात पडंल. मोडका असंल तर आज नेतो."

"मोडकाच हाय की."

"बघून घीन."

दोन्ही कारखान्यांचा मैत्रीचा सामना त्याच आठवड्यात ठरला.

गेस्ट हाऊसचा आचारी कोंडीबा रस्सा वाढायला आत-बाहेर करत होता. त्याने अर्धं ऐकलं. अदलाबदल होणार आहे आणि पाहुणे मैदानात बघून मग ठरवणार आहेत, एवढंच त्याने बिराप्पाला सांगितलं. मोडका असला तरच नेणार, हे वाक्य झालं तेव्हा कोंडीबा भाकरी आणायला आत गेला होता.

बिराप्पाला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर होतं, दोन खोल्या आणि दाराशी नळ. त्याची बायको धोंडुबाई मेंढरांच्या वाटेवरच जन्मलेली. लग्नानंतरही वर्षातले आठ महिने डोक्यावर बिऱ्हाड घेऊन ती कळपामागे चालत होती. बहात्तरच्या दुष्काळात कळप मेला, तेव्हा बिराप्पा तिला कॉलनीत घेऊन आला आणि म्हणाला, आता तुला मेंढरांमागं चालायला लावणार नाही. आल्या दिवशी तिने नळाला हळदकुंकू लावलं. पुढे दर दसऱ्याला लावायची. कॉलनीतल्या बायका हसायच्या, तिला त्याचं काही वाटत नसे.

कोंडीबा सांगून गेला त्या संध्याकाळी त्या दोघांचं काय बोलणं झालं, ते धोंडुबाईने क्वार्टर सोडताना माझ्या पत्नीला सांगितलं.

"तितं क्वार्टर देत्याल का, आवं?" तिने विचारलं होतं.

"देत्याल बी. पर कवापतूर? हितं शबूद हाय म्हनून ठिवलंय. तितं माझं कोन हाय?"

ती बराच वेळ नळाखाली भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "खरसुंडीच्या बाजारात काय करत्यात? गिऱ्हाइक आलं की जनावर चालवून बघतंय. पाय वडला की फुडं जातंय. लंगडं कोन घेतंय?"

"म्हंजी मी बैल व्हय गं?"

"बैल न्हाई तर काय? बघाया येत्यात न्हवं?"

बिराप्पाला पटलं. सगळा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? तो अंगणात लंगडून दाखवू लागला. धोंडुबाईला ते पसंत पडेना. "टाच टेकवू नगा. खरं दुखतंय त्ये जनावर खूर नुसता टेकवून उचलतंय." मेंढराचा पाय कसा दुखतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिने त्याच्याकडून घोटून घेतलं. शेवटी ती हसून म्हणाली, "आता फुकाट बी कोन न्यायचं न्हाई."

सामन्याला गर्दी जोरात होती. खुर्च्यांवर दोन्ही चेअरमन, मध्ये नाथाजीरावांनी बरोबर आणलेले त्यांच्या कारखान्याचे डॉक्टर, आणि मागे मी.

बिराप्पा पहिल्याच चढाईला पाय ओढत निघाला. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, बिराप्पाला डोली आना!" दुसरा म्हणाला, "पगार उचलून उचलून पाय गेला रं त्याचा!" हशा पिकला. घोंगडीवाले मात्र हसले नाहीत. मान खाली घालून बसले.

पलीकडे कोपऱ्यात लालासाहेब उभा होता. वयाने त्याचा तोल राहत नव्हता, तो डावा पाय फार पुढे टाकून झेपावत होता. बिराप्पाच्या लाथेला असा घोटा म्हणजे ताटात वाढलेली भाकरी. बिराप्पाने पाठ फिरवली. लालासाहेब झेपावला. जुन्या माणसांनी श्वास रोखले. उजवा पाय नुसता थरथरला आणि तिथेच राहिला. लालासाहेबाने त्याला कमरेला धरून हळूच खाली बसवलं.

"लागलंय काय रं, गड्या?" त्याने विचारलं.

"लय," बिराप्पा म्हणाला.

लालासाहेबाने त्याला स्वतः हात धरून बाहेर आणून सोडलं. पुढचा सगळा सामना लालासाहेब जीव तोडून खेळला. अदलाबदलीची कुणकुण त्यालाही लागली असावी आणि नव्या मालकाला आपण आवडावं, असं वाटत असावं.

"डॉक्टर, पाय बघितला न्हवं?" नाथाजीरावांनी विचारलं.

"बघितला. कामातून गेलाय."

"ध्यानात ठिवा." मग त्यांनी भाऊसोंच्या हातावर टाळी दिली. "घेतला!"

बिराप्पाने लांबून दोन्ही चेअरमनना हसताना बघितलं. आपल्याला हसताहेत आणि टाकून चाललेत, असं त्याने धरलं. चवड्यावर चालतच तो कॉलनीत गेला. धोंडुबाईने गुळाचा शिरा केला. शेजारच्या पोराबाळांनाही वाटला. शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा तिच्या हातात परात होती. उद्या चार वाजता निरोप समारंभ, आणि महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायचं.

समारंभाला भाऊसो छान बोलले. "आपली लेक आज सासरला चाललीया," म्हणाले. शाल घातली, नारळ दिला. बिराप्पाने नारळ टेबलावर ठेवला.

"साहेब, माझा पाय धड हाय. अजून मैदानात उतरतोय मी," तो म्हणाला आणि स्टेजवरच पाठ फिरवून त्याने लाथ मागे सोडली. पाय डोक्याएवढा वर गेला. एक खुर्ची उलटून खाली कोसळली. समोर बसलेले लोक टाळ्या वाजवू लागले.

नाथाजीराव तिथे नव्हते. भाऊसोंनी माईकवर हात ठेवला. आवाज चढू न देता ते बोलले. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. "म्हंजी काल खोटं लंगडलास? पाव्हन्यांस्नी फसवलंस? आता ह्या टाळ्या वाजवनाऱ्यांस्नी सांगू का, तू आपल्याच मैदानात मुद्दाम हरलास म्हनून? सांगू?"

बिराप्पा समोर बघत राहिला. समोर घोंगडी टाकलेली माणसं होती. आदल्या दिवशी त्याच्यासाठी मान खाली घातलेली.

"सांगू नगा," तो म्हणाला.

"मग नारळ उचल."

त्याने नारळ उचलला. भाऊसोंनी माईकवरचा हात काढला. "बघा मंडळी, जाता जाता बी गडी खेळ दाखवून गेला!"

साताऱ्याकडे त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. तिथे तो रोज सकाळी मैदानावर पळायचा, उड्या मारायचा, कुणी बघेल म्हणून लाथा मारायचा. डॉक्टरांचा दाखला मात्र पहिल्याच महिन्यात तयार झाला होता, उजवा पाय निकामी. ज्या सामन्यात तो निकामी दिसला, त्याला हजारभर साक्षीदार होते. हंगाम संपायच्या आत त्याला घरी पाठवलं. त्यासाठी कुणी तक्रारीला आलं नाही. पूर्वेकडच्या गावांनी भाऊसोंना विचारलं, तेव्हा भाऊसोंनी हात वर केले. "आमी सोन्यासारखा दिला हुता. त्यांनी वाट लावली."

लालासाहेबाचं जरा अवघड गेलं, कारण तो चांगला खेळत होता. त्याला दाखला चालेना. म्हणून भाऊसोंनी त्याला खाकी डगला देऊन फाटकावर उभं केलं आणि स्वतःची गाडी, बायकोची गाडी, जावयाची गाडी, सगळ्यांना कडक सलाम ठोकायला लावला. हवालदार माणूस. पावसाळ्यापर्यंत टिकला आणि आपणहून राजीनामा देऊन गेला. भाऊसोंना तिकिटाचेही पैसे पडले नाहीत.

पुढल्या दिवाळीनंतर पुण्याला साखर कमिशनरांकडे काम होतं. भाऊसो आणि मी जीपने निघालो होतो. शिरवळच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता आणि दोन्ही बाजूंना ट्रक थांबले होते. कळप धोंडुबाईच्या भावाचा. कळपामागे ती चालत होती. डोक्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेली कोंबडी. तिने जीप ओळखली. एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुढे बघून चालत राहिली.

बिराप्पा कळपाच्या पुढे होता. एक कोकरू ट्रकच्या चाकाकडे पळालं. तो तीन ढांगांत तिथे पोचला, पाठ वळवून उजवा पाय मागे टाकला, पायानेच कोकरू अडवलं आणि उचलून काखेत मारलं. ट्रकवाला खिडकीतून बाहेर वाकून म्हणाला, "वा रे पहिलवान!"

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बिराप्पाने वळून बघितलं आणि सवयीने हात कपाळाला लावला.

भाऊसोंनी काच खाली केली नाही. मला म्हणाले, "बघा, पाय बरा झाला की ह्याचा." मग ड्रायव्हरला म्हणाले, "घाल की गाडी. मेंढरं आपसूक बाजूला हुत्यात."