वाया जाणारा फोटो

इथले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मनातल्या मनात खोडूनही काढते. आमच्या घरात भास, संकेत असले विषय कधी निघायचेच नाहीत. बोरीच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, हे विज्ञान. त्यामुळे कुणाला पटवून द्यायचं म्हणून सांगत नाही... एकदा लिहून ठेवायचं आहे, इतकंच.

परभणी जिल्ह्यातली, नामांतराच्या आंदोलनाच्या काळातली गोष्ट. ह्यांना पाखरांचे फोटो काढायचा नाद होता. चारठाण्याला लोक देवळांवरची शिल्पं बघायला जात. हे तिथे दगडांच्या फटीतले पोपट टिपायला जायचे. पण जास्त करून आमच्या गावाबाहेरचा ओढा. तिथे सुट्टीचा अख्खा दिवस बसायचे. समोर बाभळीखाली मी, पुस्तक घेऊन.

कॅमेऱ्यात रोल भरताना सुरुवातीच्या फिल्मला ऊन लागतं, ती जळते. म्हणून एकदोनदा नुसतंच बटण दाबून ती पुढे सरकवतात. हे तो वाया जाणारा फोटो माझा काढायचे.

"बघ इकडे."

"पाखरांना अख्खा रोल, अन् मला जळकं टोक?"

"पाखरं उडून जातात. तू कुठं जायलीस?"

परभणीच्या स्टुडिओतले करीमभाई इतरांचं ते टोक कापून टाकत. आमचं मात्र आवर्जून छापून देत. त्यामुळे माझे सगळे फोटो अर्धे आहेत — डावीकडून पांढरा उजेड येतो आणि माझ्या खांद्यापाशी थांबतो.

मग साध्या काविळीचं निमित्त झालं आणि हे गेले. मूलबाळ नव्हतं. माणसं यायची, बोलायची, जायची. पण माझ्याकडे बघणारं... म्हणजे नुसतंच, काही काम नसताना बघणारं, कुणी उरलं नाही.

वर्षश्राद्धानंतर मी कपाटातून कॅमेरा काढला. रोल भरणं ह्यांच्याकडे बघून बघूनच आलं होतं. शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या, "अगं, गळ्यात पोत न्हाई, अन् आता ह्ये काय अडकवलंस? लोक हसायलेत." मी तशीच ओढ्याकडे चालू लागले.

तिथे मला बऱ्याच महिन्यांनी नीट श्वास आला. खंड्या पाण्यावर कधी झेपावतो याची वाट बघत बसलं, की दुसरं काही सुचत नाही. बाभळीच्या फांदीवरचा वेडा राघू भिंगात स्पष्ट झाला, की तेवढ्या वेळापुरती मी कुणाची विधवा नसायचे. हे तासन् तास तिथे का बसत, ते मला ते गेल्यावर कळलं.

एका दुपारी रोल संपला. बाभळीखाली बसून, उन्हाकडे पाठ करून, पदराच्या सावलीत मी नवा रोल भरला. मीच आणलेला, डबी मीच उघडलेली. झाकण लावलं. पट्टा गळ्यातच होता. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून बटण दाबलं... वाया घालवायचा म्हणून. तेव्हा भरून आलं. बाकी काही झालं नाही. ना चाहूल, ना वाऱ्याची झुळूक. पलीकडे मेंढरं राखणारी गयाबाई तेवढी ओरडली, "बाई, पाखराचं काय काढायलाव? माझ्या मेंढराचा काढा, त्ये हालत तरी न्हाई!"

पुढे बंदमुळे एसटी बंद होती, त्यामुळे फोटो आणायला जरा उशीरच झाला. करीमभाईंनी पाकीट दिलं नाही. आधी एकच फोटो पुढे सरकवला.

"भाभी, हा कुणी काढला? हात तर साहेबांचा वाटायलाय."

फोटोत मी होते. बाभळीखाली बसलेली, मान खाली. समोरून, ह्यांच्या नेहमीच्या जागेवरून घेतलेला. मांडी घालून बसलेल्या माणसाला दिसेल तसा. डावीकडून पांढरा उजेड आलेला आणि खांद्यापाशी थांबलेला. जुना असेल म्हणावं, तर कपाळ मोकळं होतं. आणि गळ्यात कॅमेरा. तोच. माझं बोट बटणावर.

"दुसरा कॅमेरा होता?" करीमभाईंनी विचारलं.

"नाही."

त्यांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. सलग पट्टी, कुठे जोड नाही. जमिनीचा फोटो नव्हताच. माझ्यापुढे लगेच माझाच खंड्या.

गयाबाईला विचारलं. ती म्हणाली, "कोण बी नव्हतं, बाई. तुमी एकट्याच. रडायलता म्हणून तर म्या मेंढराचं बोलले."

पाण्यातलं प्रतिबिंब, फिल्ममधला दोष, माझाच विसरभोळेपणा, सगळं तपासून झालं. ह्यांनीही तेच केलं असतं. कशानेच उत्तर मिळालं नाही, आजही नाही. मला मात्र वेगळंच लागून राहिलं आहे. ते दर वेळी म्हणायचे, "बघ इकडे." आणि त्या दिवशी माझी मान खाली होती.

पुढे रोल मिळायचे बंद होईपर्यंत मी फोटो काढत राहिले. प्रत्येक रोलचा पहिला फोटो मी त्याच जागी वाया घालवला. गवत आलं, माती आली, एकदा माझीच चप्पल आली. तरी बटण दाबण्याआधी मी बाभळीखाली नीट बसायचे, पदर सारखा करायचे, आणि मान वर ठेवायचे.