मधेच न उतरणारी वीज

तारवाल्याच्या घराशेजारच्या माळावरून उंच मनोऱ्यांच्या लाईनीतून एवढी वीज जायची, की तिच्यावर एखादं शहर झगमगावं. आणि त्याच्या घरात? दिवा कधी जाईल याचा नेम नाही! त्याची नोकरी त्याच लाईनखालून पायी फिरण्याची. मनोऱ्यांचे बोल्ट बघायचे, तारा तोलून धरणाऱ्या वरच्या काचेच्या चकत्या दुर्बिणीतून तपासायच्या.

आई श्वासाच्या मशीनवर होती. वस्तीची वीज गेली की मशीन बॅटरीवर रडतखडत तासभर चालायचं, पुढे सगळा जीव टांगणीला.

"अरे, डोक्यावरून एवढी जाते, त्यातली चिमूटभर उतरव की!"

"आई, ती सरळ एका दिशेने जाणारी वीज. आपल्या घरात चालते ती वेगळी. टोकाच्या मोठ्या केंद्रात बदलून घ्यावी लागते, मधेच उतरत नाही."

"उतरत नाही म्हणजे? एवढी कसली मिजास!"

समजावून समजावून बिचाऱ्याच्या तोंडाला फेस आला. आईचं एकच पालुपद: पोरगा भिडस्त, साहेबांपुढे तोंड उघडत नाही. शेवटी एका दुपारी तिची धाप बघवेना, तेव्हा म्हणाला, "बरं बाई, मागतो."

तिथेच घात झाला. आईचा चेहरा असा खुलला, की खरं सांगायला त्याची जीभ रेटेना. ती रोज विचारायची, "काय म्हणाले साहेब?" हा म्हणायचा, "बघू म्हणाले." अरे लेका, कसलं बघू!

अशात बहीण आईला न्यायला आली. तिच्याकडे शहरात वीज जात नसे.

"आता येऊ? त्या लाईनीची तार घरात यायच्या वेळी घर सोडू?" आई हटून बसली.

बहिणीने भावाकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलायचं! हा मान खाली घालून मशीनची नळी पुसत राहिला. बहीण चडफडत एकटीच परतली.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी वादळाने वस्तीचे खांब आडवे केले. तो धावत घरी आला तोवर बॅटरी संपली होती. झाडं पडून रस्ता बंद, दवाखान्याची गाडी यायला तयार नाही. माळावरची लाईन मात्र चालूच होती.

"आई, मी मागितलंच नव्हतं गं," तो रडत म्हणाला. "मिळण्यासारखं नव्हतंच ते."

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "वाटलंच होतं मला. लहानपणापासून असाच तू. आता तरी जा. म्हणावं, थोडीच हवी."

तो हलेना, तशी ती कासावीस व्हायला लागली. मग तो उठला. तिला बरं वाटावं म्हणून दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला, साहेबांकडे जाऊन यायला लागेल तेवढा वेळ. परत आत आला, तेव्हा साहेब काय म्हणाले हे विचारायला ती उरली नव्हती.