मॉस्कोची लाईन आणि मनमाडचे हमाल

नव्वदच्या सुमाराला एकलहऱ्याच्या चहाच्या टपरीवर एक रिटायर हवालदार रोज दुसरं महायुद्ध नव्याने लढायचा. म्हणायचा, "जर्मनीने फौज इकडंतिकडं न पांगवता सरळ मॉस्कोवर घातली असती, तर रशिया पडलाच होता."

मी दुसरी शिकलेला माणूस, पण पटल्याशिवाय मान हलवणाऱ्यातला नव्हे. विचारलं, "एवढ्या फौजेला दाणागोटा कसा पोचवणार?"

"रेल्वेने. तुला काय कळतंय लेका, तू हमाल!"

हमालच होतो, आणि आधी बरीच वर्षं मनमाड स्टेशनात होतो. तिथं छोट्या लाईनीचे रूळ अरुंद, त्यामुळं तिचा डबा मोठ्या लाईनीवर चालत नसे. सगळी पोती आम्ही पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात टाकायचो. म्हणून विचारलं, "रशियाची लाईन जर्मनीएवढीच रुंद होती का?"

हवालदार दोन दिवस टपरीवर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी नाशिकरोडच्या वाचनालयात बघून आला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

"जास्त रुंद निघाली रे त्यांची," म्हणाला. "आता तूच सांग, मनमाडला एक गाडी खाली करायला किती माणसं लागायची?"

मी आधी चहा मागवला, मग सांगायला बसलो.