पाण्यातून येणाऱ्यांसाठी गरम पाणी

मुंबई ते गोवा या सगळ्या किनाऱ्यावर दर्यावर्दी माणसाला टेकायला आमच्या रोह्याच्या खाडीसारखी दुसरी जागा नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. साहेबांच्या काळात खाडीकाठी निघालेला एक यॉट क्लब साहेब गेल्यावर मामांच्या गळ्यात पडला. क्लब म्हणजे काय, तर एक कौलारू खोली, दगडी धक्का, झेंड्याची काठी आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब. शिडाची होडी एकही नाही. सभासद दोन-चार, तेही रोह्याहून पत्ते कुटायला येणारे. पण मामा या सगळ्याला ‘पाहुण्या खलाशांची सोय’ म्हणत, आणि ते म्हणताना त्यांची मान अशी ताठ होई, की ऐकणाऱ्यानेही उगाच सदऱ्याचं वरचं बटण लावावं.

दर रविवारी ते बंब पेटवत. “खाऱ्या वाऱ्यातनं आलेल्या मानसाला आदी गोडं पानी लागतं,” असं त्यांचं म्हणणं. खिळ्यावर पांढराशुभ्र टॉवेल टांगलेला असे. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. खलाशी काही येत नसे, पाणी मात्र उकळत राही. ते वाया जाण्यापेक्षा घरच्यांनी आंघोळी उरकाव्यात, याला मामांची हरकत नव्हती. नियम एवढाच, की सोय फक्त पाण्यातून येणाऱ्याला. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी, घरचा नवा जावई, साबण हातात धरून तरीच्या होडीने खाडीपलीकडे गेलो आणि त्याच होडीने परत आलो. मामांनी हात देऊन मला धक्क्यावर उतरवून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, “परवास बरा झाला ना?” स्वतः मामा पायवाटेने येणारे. त्या बंबातला एक तांब्याही त्यांनी कधी अंगावर घेतला नाही.

आणि एका रविवारी दुपारी खरंच शीड दिसलं. पौर्णिमेनंतरच्या उधाणाची भरती होती, आणि एक परदेशी जोडपं चक्क जुन्या नकाशावर क्लबाचं नाव वाचून आत आलं होतं. मामांची अशी धांदल उडाली, की क्लबाचा झेंडा काठीवर उलटा चढला. तो गोरा धक्क्याला दोर बांधत होता, बंब सणसणत होता, आणि तेवढ्यात मामांची नजर होडीच्या पोटाखाली गेली. तिथे पुरुषभर खोल लोखंडी फाळ होता. उद्यापासून प्रत्येक भरती आजच्याहून कमी चढणार. पाहुण्यांना तर रात्रभर राहायचं होतं. पण आजची ओहोटी लागली की होडी चिखलात बसली असती, ती थेट अमावास्येच्या उधाणाला निघाली असती. मामा नुसते गप्प राहिले असते, तरी त्यांना पंधरवडाभर पाहुणे मिळाले असते.

“मामा, निदान आंघोळ तरी करू द्या त्यांना,” मी म्हणालो.

“तवर पानी निघून जाईल. आपल्या क्लबात आलेली होडी रुतली, असं कुनी म्हनायचं नाय.”

हातवाऱ्यांनी त्यांनी पाहुण्यांना सगळं समजावलं, गोड्या पाण्याचा डबा त्यांच्या होडीत चढवला आणि दोर स्वतःच्या हाताने सोडला. मग आपली छोटी वल्ह्याची होडी त्यांच्या मागे बांधून, खोल पाण्यापर्यंत वाट दाखवायला तेही गेले.

परतले तेव्हा उन्हं कलली होती. खाडी रिकामी झालेली. कमरेएवढ्या चिखलातून होडी ढकलत ढकलत मामा धक्क्याला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांची मान खाली दिसली.

“पावनं गेलं गो,” ते मामींना म्हणाले.

मामी खिळ्यावरचा टॉवेल घेऊन उभ्या होत्या. “जाऊ दे. आज तुमीच पान्यातनं आलाव. जावा, बंब अजून गरम हाय.”

मामांनी नियम मनात घोळवून पाहिला. खोट सापडली नाही. मग त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि न्हाणीघराकडे वळले. आतून बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, आणि मामी पदराने डोळे पुसत बाहेर उभ्या राहिल्या.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्या क्लबाने एका दर्यावर्दी माणसाची उत्तम सोय केली होती, हे मी आजही कुणालाही छातीठोकपणे सांगतो.