इथे स्टंप नसतात

क्रिकेटमध्ये मुरलेल्या हाताला बेसबॉल शिकवणं ही काय कटकट असते, ते मला विचारा. दुबईत बेसबॉलची पहिली पगारी टीम उभी राहत होती. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलो होतो, तेवढ्यावर ट्रायलला गेलो आणि चक्क निवडलो गेलो. जबल अलीतली लॉजिस्टिक्सची नोकरी सोडून दिली. बायको म्हणाली, "वेड लागलंय का तुला? आपल्या तिघांचा व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे. सीझन संपल्यावर त्यांनी ठेवलं नाही तर?"

"ठेवतील गं, इन्शाल्ला."

"इथे इन्शाल्ला म्हणजे नाहीच असतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा राहणारा. सरपटत आलेला चेंडू उचलायचा आणि पहिल्या बेसवरच्या आपल्या माणसाच्या छातीवर फेकायचा. बेसवर पाय ठेवून त्याने तो वेळेत झेलला की पळणारा आऊट. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण घाई झाली की माझा हात मला न विचारता स्टंपवर नेम धरायचा. लहानपणापासून तेच केलेलं, चेंडू उचल आणि दांडी उडव. थ्रो जायचा त्या माणसाच्या पायाशी, टप्पा खाऊन मागे. आमचा अमेरिकन कोच कपाळावर हात मारून ओरडायचा, "नो स्टंप्स हिअर, हबीबी!"

अल मनखूलला आमच्या बिल्डिंगमागे पार्किंग आहे. संध्याकाळी तिथे माझी लेक पहिला बेस व्हायची. ग्लव्ह छातीशी धरून उभी राहायची आणि मी मऊ चेंडू फेकायचो. "लो, बाबा. अगेन लो." अस्सा संताप यायचा! तिचा नाही, माझाच. जेवताना हातातल्या घासाकडे बघूनसुद्धा वाटायचं, हाच तो मेला हात.

शेवटच्या मॅचआधी कोचने सांगून टाकलं की पुढच्या सीझनला आम्हा दोन शॉर्टस्टॉपपैकी एकालाच ठेवणार. आम्ही एका रनने पुढे होतो, त्यांचे दोघे बेसवर, आम्हाला एकच आऊट हवा होता. चेंडू सरळ माझ्याकडे आला. स्वच्छ उचलला. तेवढ्यात मागून कोणीतरी किंचाळलं आणि, आईशप्पथ सांगतो, पहिल्या बेसवर मला तीन दांड्या दिसल्या. चेंडू जमिनीवर आपटून कुठच्या कुठे गेला, त्यांचे दोघेही होम बेसला पोचले, दोन रन झाले आणि आम्ही हरलो. कोच या वेळी ओरडला नाही. नुसता खांद्यावर हात ठेवला. तेव्हाच कळलं, खलास.

मग जुन्या साहेबांच्या अक्षरशः हातापाया पडलो. त्यांनी परत घेतलं, पण खालच्या जागेवर. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा आता माझी रजा मंजूर करतो. व्हिसा वाचला. बायकोने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

परवा शनिवारी ऑफिसची क्रिकेट मॅच होती. "प्रोफेशनल आला रे!" म्हणून सगळ्यांनी यथेच्छ चिडवून घेतलं. शेवटच्या बॉलवर त्यांना दोन रन हवे होते. चेंडू माझ्याकडे आला, दुसऱ्या रनसाठी पळणारा अजून अर्ध्यातच होता. विचारबिचार काही केला नाही. उचलला आणि फेकला.

गोळीसारखा सरळ, बरोब्बर छातीच्या उंचीवर, स्टंपवरून पलीकडे. तिथे झेलायला कोणी नव्हतं. ते जिंकले. "अरे, स्टंप दिसत नाहीत का तुला?" आमचा कॅप्टन ओरडला.

बाहेर चटईवर बसलेली लेक टुणकन उठून टाळ्या वाजवायला लागली. "परफेक्ट, बाबा! राइट ॲट द चेस्ट!"

मी तिच्याकडे बघितलंच नाही. मॅच संपली होती, तरी चेंडू आणायला पळालो.