भिंतीवरचा नळ

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आंधळगावच्या पलीकडच्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आदर्श गाव स्पर्धेची तपासणी येणार, असं कळलं. गावात आदर्श म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांनी ते शाळेच्या भिंतीवर काढून घ्यायचं ठरवलं.

त्यासाठी नाटकांचे पडदे रंगवणारा एक पेंटर आला. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावोगावच्या नाटकांच्या जत्रांत, त्याचे राजवाडे अन् जंगलं तालुकाभर फिरत.

"पडदा पहाटे गुंडाळून ठेवतात, बाई," तो मला म्हणाला. "भिंत कोण गुंडाळते? हे राहीन."

म्हणूनच त्यानं जीव ओतला. तळं, धानाच्या बांध्या, कौलारू घरं, सगळं हुबेहूब आमच्या गावचं. डांबरी रस्ता, विजेचे खांब आणि चौकातला नळ तेवढा त्याच्या मनचा.

नळावरूनच पेटलं. विहिरीवरून परतणाऱ्या एका बाईनं डोक्यावरची पाण्याची गुंडी न उतरवताच विचारलं, "हा नळ सरपंचाच्याच घरासमोर काहून?"

"कोणाचंच घर नाही ते, माय. अंदाजानं काढलं."

"पडवी त्याचीच हाये. मले का समजत नाही?"

संध्याकाळपर्यंत अख्खा खालचा मोहल्ला शाळेत जमला. चित्रातला नळ खालच्या मोहल्ल्याकडं सरकला. दुसऱ्या दिवशी वरचा मोहल्ला आला. मग खुद्द सरपंच आले. उद्या खरा नळ मंजूर झाला आणि साहेबांनी चित्र पाहूनच जागा ठरवली तर काय, असं त्यांनी विचारलं. क्षणभर मलाही ते पटलं.

मुख्याध्यापकांनी पेंटरपुढं हात जोडले. "बावा, नळच नको. झाकून टाक त्याले."

नळाखालच्या ओल्या दगडावर त्यानं शेवाळसुद्धा काढलं होतं. त्यावर त्यानं स्वतःच रंग फिरवला. मग नळाच्या जागी त्यानं कडुनिंब काढला, पान न् पान वेगळं दिसेल असा.

तपासणीचे साहेब नेमके त्या झाडासमोर थांबले. "वृक्षारोपणाचं महत्त्व या गावाला कळलेलं दिसतं," म्हणाले. गावाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. अख्ख्या गावात नवं झाड म्हणावं असं तेवढंच होतं.

चित्राखाली नावं हवीत, असं ठरलं. सरपंचांचं आणि मुख्याध्यापकांचं नाव पेंटरनंच सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलं.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"माझ्यासाठी जागा कुठं उरली, बाई?"

कोपऱ्यात वीतभर जागा होती. मी ती दाखवली. तिथं त्यानं एक बकरी काढली, झाडाकडं तोंड करून. कोंढ्याची नाटकवाली मंडळी पडद्यासाठी खोळंबली होती. रंग वाळायच्या आत तो एसटीत बसला.